‘डिजिटल अरेस्ट’चा फोन म्यानमारमधून आला, तर पकडायचं कोणी?

सर्वोच्च न्यायालयानं १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातल्या ‘डिजिटल अरेस्ट’ प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. निमित्त होतं हरियाणातल्या अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दाम्पत्यानं लिहिलेल्या पत्राचं. या दोघांना चक्क सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून भामट्यांनी एक कोटीहून जास्त रक्कम उकळली होती.

सीबीआयला तपास दिल्याची बातमी सगळीकडे झळकली. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा कमी झाली. देशाबाहेर बसून हे उद्योग करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी इंटरपोलची मदत घ्या, असं न्यायालयानं सीबीआयला सांगितलं.

आता इंटरपोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातले सुटाबुटातले अधिकारी येतात. प्रत्यक्षात इंटरपोलकडे अटक करणारी स्वतःची फौजच नाही. देशोदेशींच्या पोलिसांमध्ये माहितीची आणि नोटिसांची देवाणघेवाण करून देणारी ती व्यवस्था आहे. पुढची कारवाई करायची की नाही, हे ज्या देशात आरोपी बसलाय तो देश ठरवतो. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचे पैसे गेले, तर त्याचा गुन्हा पुण्यात नोंदवला जाईल, पण गुन्हेगार हाती लागणं हे दुसऱ्या देशाच्या मर्जीवर अवलंबून राहील. तिथे पोलीस संपतात आणि परराष्ट्र धोरण सुरू होतं. यालाच हल्ली ‘सायबर डिप्लोमसी’ म्हणतात.

फोन येतो कुठून?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं, म्हणजे ‘आयफोरसी’नं, मे २०२४ मध्ये काही आकडे जाहीर केले होते. जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत नोंदवलेल्या सायबर फसवणुकींपैकी सुमारे ४६ टक्के प्रकरणांचा उगम कंबोडिया, म्यानमार आणि लाओस या तीन देशांत होता. या तीन देशांतून झालेल्या चार प्रकारच्या फसवणुकींत भारतीयांचे अंदाजे १,७७६ कोटी रुपये गेले. त्यातले १,४२० कोटी शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली, २२२ कोटी गुंतवणुकीच्या आमिषानं, १२० कोटी डिजिटल अरेस्टमध्ये आणि १३ कोटी प्रेमाच्या नाटकात.

डिजिटल अरेस्टचा आकडा इथे तुलनेनं लहान दिसतो. पण ट्रेडिंगमध्ये माणूस निदान हावेपोटी फसला असं म्हणून लोक मोकळे होतात. डिजिटल अरेस्टमध्ये फसणाऱ्याला काहीच नको असतं. तो फक्त घाबरलेला असतो.

दक्षिण-पूर्व आशियातल्या या अड्ड्यांना ‘स्कॅम कंपाउंड’ म्हणतात. उंच भिंती, काटेरी तारा, आत इमारतींच्या रांगा, खाणावळी, दुकानं आणि हजारो फोन. त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध अड्डा म्हणजे म्यानमारच्या म्यावाडी शहराजवळचा ‘केके पार्क’. मोई नदीच्या एका काठावर थायलंडचं मे सोत शहर आहे, आणि समोरच्या काठावर हे साम्राज्य. मूळचा धंदा कॅसिनोचा आणि ऑनलाइन जुगाराचा. कोविडमध्ये गिऱ्हाईक थांबलं, तेव्हा त्याच टोळ्यांनी त्याच इमारतींमधून फसवणुकीचा धंदा उघडला.

यात काम कोण करतं? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये एक अहवाल दिला. म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना अशा अड्ड्यांमध्ये जबरदस्तीनं राबवलं जात असावं, असा त्यातला अंदाज आहे. पासपोर्ट काढून घ्यायचा, रोजचं टार्गेट द्यायचं, पूर्ण झालं नाही तर मारहाण, आणि सुटायचं असेल तर घरच्यांकडून खंडणी. तुम्हाला फोन करणारा ‘सीबीआय अधिकारी’ स्वतःच कोंडलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

त्या टोकाला आपलीच पोरं

मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या माणसाला फसवायला हिंदी नीट बोलता येणारा माणूस लागतो. तो कुठून आणायचा? भारतातूनच. टेलिग्रामवर जाहिरात येते : थायलंडमध्ये डेटा एंट्री, कस्टमर सपोर्ट, राहणं-खाणं मोफत, पगार डॉलरमध्ये. भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय जाता येतं. बँकॉकला विमानतळावर गाडी घ्यायला येते. ती शहरात थांबत नाही, थेट मे सोतकडे जाते. रात्री नदी ओलांडली की नोकरी काय आहे ते कळतं.

किती जण असे गेले असतील? ‘इंडियन एक्स्प्रेस’नं सप्टेंबर २०२४ मध्ये इमिग्रेशन खात्याच्या माहितीच्या आधारे बातमी दिली होती. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनामला पर्यटक म्हणून गेलेल्यांपैकी २९,४६६ भारतीय परतलेलेच नव्हते. राज्यवार यादीत पंजाब पहिला होता, आणि ३,२३३ जणांसह महाराष्ट्र दुसरा. निम्म्याहून जास्त जण २० ते ३९ या वयातले. हे सगळे स्कॅम कंपाउंडमध्येच आहेत असं अजिबात नाही. कुणी दुसरीकडे नोकरीला गेलं असेल, कुणी तिथून पुढच्या देशात. पण सरकारी यंत्रणांना काळजी वाटावी इतका हा आकडा मोठा होता.

मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं मे सोतला गेली आणि दोन दिवसांत ५४९ भारतीयांना घेऊन आली. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच झालं. केके पार्कवर छापा पडल्यावर पळून नदीपलीकडे आलेल्यांपैकी २७० जणांची पहिली तुकडी ६ नोव्हेंबरला भारतात परतली, पाठोपाठ आणखी आले. युद्धातून नागरिकांना सोडवून आणायला जशी विमानं पाठवावी लागतात, तशी ती आता ‘जॉब’वरून सोडवायला पाठवावी लागतायत.

मग पोलीस तिथे जात का नाहीत?

समजा, फोन म्यावाडीतून आला हे आपल्या पोलिसांनी शोधून काढलं. पुढे? भारतीय पोलिसांना तिथे जाऊन कुणाला अटक करता येत नाही. पुरावा हवा असेल तर न्यायालयामार्फत विनंतीपत्र काढायचं, ते गृह मंत्रालयाकडे जाणार, तिथून राजनैतिक मार्गानं त्या देशाच्या मंत्रालयाकडे, मग तिथल्या पोलिसांकडे. उत्तर त्याच वाटेनं परत. या सगळ्यात महिने जातात, कधी वर्षं. दुसऱ्या बाजूला तुमचे पैसे? ते भारतातल्याच भाड्यानं घेतलेल्या खात्यांमध्ये फिरतात, तुकडे होतात, त्यांचं क्रिप्टो होतं आणि ते देशाबाहेर जातात. हे सारं एखाद्या दुपारी उरकतं.

म्यानमारच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. विनंतीपत्र पाठवायचं तरी कुणाला? फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या लष्करानं सत्ता उलथवली, तेव्हापासून देशात यादवी चालू आहे. म्यावाडीच्या आसपास खरी हुकूमत केरेन समाजातल्या एका सशस्त्र गटाची आहे. त्याचा म्होरक्या सॉ चिट थू. हा गट लष्कराशी जुळवून घेतो आणि अड्ड्यांना जमीन, वीज आणि संरक्षण पुरवतो, असं सांगत अमेरिकेनं मे २०२५ मध्ये त्याच्यावर निर्बंध घातले. म्हणजे नेप्यिडॉमधल्या अधिकाऱ्यानं भारताला ‘हो’ म्हटलं, तरी म्यावाडीत ते ऐकलं जाईलच याची खात्री नाही.

सायबर डिप्लोमसी आली कुठून?

ही कल्पना मुळात देशांनी एकमेकांवर केलेल्या सायबर हल्ल्यांमधून वाढली. २०२२ मध्ये अल्बानियाच्या सरकारी सेवांवर मोठा सायबर हल्ला झाला. अल्बानियानं त्यासाठी इराणला जबाबदार धरलं आणि सप्टेंबरमध्ये इराणच्या दूतावासाला २४ तासांत देश सोडायला लावला. सायबर हल्ल्यावरून एका देशानं दुसऱ्याशी राजनैतिक संबंध तोडण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. त्याच्याही आधी, २०१७ मध्ये डेन्मार्कनं मोठ्या टेक कंपन्यांशी बोलायला वेगळा राजदूत नेमला होता. कंपन्या देशांइतक्याच ताकदवान झाल्यात, ही त्यामागची सरळ कबुली. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयातही सायबर डिप्लोमसीचा स्वतंत्र विभाग आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं २०१५ मध्ये देशांसाठी ११ आचारनियम ठरवले. त्यातला एक आपल्या विषयाला थेट लागू पडतो : आपल्या भूमीचा वापर दुसऱ्या देशाविरुद्धच्या सायबर कृत्यांसाठी होतोय हे माहीत असताना कुणी तो होऊ देऊ नये. वाचायला छान. पण हे नियम बंधनकारक नाहीत, आणि ते लिहिले गेले देशांचं वागणं डोळ्यांसमोर ठेवून. जिथे सरकारच कमकुवत आहे आणि टोळ्या भाडं भरून राहतायत, तिथे या नियमाला कोण विचारतो?

मग काम कशानं झालं?

या प्रकरणात प्रत्यक्ष हालचाल कधी झाली, ते पाहिलं तर डिप्लोमसीचा जरा कमी गोंडस चेहरा दिसतो.

जानेवारी २०२५ मध्ये वांग शिंग नावाचा एक चिनी अभिनेता चित्रपटाच्या कामासाठी म्हणून थायलंडला गेला आणि मे सोतजवळून गायब झाला. त्याच्या प्रेयसीनं सोशल मीडियावर लिहिलेली पोस्ट चीनमध्ये तुफान पसरली. चार दिवसांत तो म्यावाडीहून सुटून थायलंडमध्ये परत आला, डोक्यावरचे केस भादरलेले. हजारो अनामिक तरुण वर्षानुवर्षं तिथे अडकलेले होते, आणि एका ओळखीच्या चेहऱ्यासाठी चार दिवस पुरले. चिनी पर्यटक थायलंडच्या सहली रद्द करायला लागले. थायलंडची अर्थव्यवस्था पर्यटनावर बरीच टेकलेली आहे, त्यामुळे बँकॉकला घाम फुटला.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी थायलंडनं म्यानमारच्या सीमेवरच्या पाच ठिकाणांची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं. त्याच दिवशी थायलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा चीनच्या दौऱ्यावर निघाल्या होत्या, हा योगायोग कुणाच्या नजरेतून सुटला नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत सुमारे सात हजार लोक अड्ड्यांमधून बाहेर काढले गेले. भारताची मार्चमधली विमानं याच लाटेत गेली.

म्हणजे भारतीयांच्या सुटकेचं दार उघडलं ते प्रामुख्यानं चीनच्या दबावामुळे. भारतीय दूतावासांनी पुढचं काम चोख केलं; ओळख पटवणं, कागदपत्रं, थायलंडशी आणि म्यानमारशी बोलणी, विमानं. ते सोपं नव्हतं आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. तरी आधी दार कुणी ठोठावलं, हे लक्षात ठेवायला हवं. म्यानमार आपल्या ईशान्येला लागून असलेला शेजारी आहे.

वीज तोडून अड्डे बंद पडले का? नाही. जनरेटर आले, आणि छपरांवर स्टारलिंकच्या तबकड्या. म्यानमारमध्ये स्टारलिंकला परवानाच नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्यानमारच्या लष्करानं केके पार्कवर छापा घातला, तिथून दीड हजारांहून जास्त लोक मे सोतला पळाले, आणि त्याच सुमारास स्पेसएक्सनं स्कॅम सेंटरच्या परिसरातले अडीच हजारांवर संच बंद केल्याचं जाहीर केलं. एका खासगी कंपनीनं बटण दाबलं आणि जे तीन-चार सरकारांना जमत नव्हतं त्यातलं थोडंफार झालं. डेन्मार्कनं टेक कंपन्यांसाठी वेगळा राजदूत का नेमला होता, ते इथे कळतं.

करार आहेत ना?

आहेत, दोन. पहिला बुडापेस्ट करार, २००१ चा. सायबर गुन्ह्यांचे पुरावे एकमेकांना लवकर द्यावेत यासाठी युरोपच्या पुढाकारानं झालेला. भारत त्यात नाही. करार लिहिताना आम्हाला विचारलं नव्हतं आणि सीमेपलीकडचा डेटा परस्पर मिळवण्याची त्यातली तरतूद सार्वभौमत्वाला धक्का देते, हे भारताचे जुने आक्षेप.

दुसरा नवा. २४ डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं सायबर गुन्हेविरोधी करार मंजूर केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हिएतनामच्या हनोईत ७० हून अधिक देशांनी त्यावर सह्या केल्या. इलेक्ट्रॉनिक पुरावा देण्याघेण्याची चौकट आणि प्रत्येक देशात २४ तास उपलब्ध असणारं संपर्क केंद्र, या त्यातल्या कामाच्या गोष्टी. पण ४० देशांनी आपापल्या घरी त्याला मान्यता दिल्यावर ९० दिवसांनी तो लागू होणार.

मानवाधिकार संघटना या करारावर नाराज आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. चार वर्षं किंवा जास्त शिक्षा असलेल्या कुठल्याही ‘गंभीर गुन्ह्या’साठी पुरावे मागायची मुभा त्यात आहे. काही देशांत सरकारवर टीका करणंही अशा गुन्ह्यांत मोडतं. भामट्यांना पकडायला केलेला रस्ता पत्रकारांच्या दारातही जाऊ शकतो. मूळ प्रस्ताव रशियाचा होता, हेही या संशयामागचं एक कारण आहे.

फोनच्या या टोकाला काय करायचं?

वर सांगितलेलं सगळं उद्या सकाळी जमून आलं, तरी दुपारी येणारा फोन थांबणार नाही. एक अड्डा उठला की टोळ्या दुसरीकडे बस्तान हलवतात. त्यामुळे फोनच्या या टोकाला, म्हणजे घरात, बँकेत, सोसायटीत काय होतं, यावर बरंच अवलंबून आहे.

डिजिटल अरेस्टची पद्धत बघा. आधी फोन येतो : तुमच्या नावाच्या कुरिअरमध्ये ड्रग्ज सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर मनी लाँडरिंगचं खातं निघालंय. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. मुंबई पोलिसांचं नाव तर या टोळ्यांचं खास आवडतं. २०२४ मध्ये लुधियानातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना तर सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेल्या माणसासमोर ‘ऑनलाइन सुनावणी’ला बसवलं गेलं आणि त्यांचे सात कोटी गेले. उद्योगपती, डॉक्टर, निवृत्त अधिकारी असे शिकलेसवरलेले लोक यात फसतात. तेव्हा अडाणीपणाला दोष देऊन भागत नाही.

हे सगळं चालतं ते एका वाक्यावर : ‘कॅमेरा बंद करायचा नाही आणि कुणाला सांगायचं नाही.’ घरातल्यांनाही नाही, नाहीतर त्यांनाही अटक होईल. माणसाला एकटं पाडायचं, हा खरा डाव. शेजारच्या खोलीतल्या सुनेशी दोन मिनिटं बोलणं झालं असतं, तर बरीच प्रकरणं तिथेच संपली असती.

म्हणूनच नुसत्या जागृतीच्या मोहिमा अपुऱ्या पडतात. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑक्टोबर २०२४ मधल्या ‘मन की बात’मध्ये हा विषय घेतला, ‘थांबा, विचार करा, कृती करा’ हे सूत्र सांगितलं आणि कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही हे स्पष्ट केलं. ते गरजेचं होतं. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली कॉलर ट्यून मात्र लोकांनी इतकी ऐकली की शेवटी तिच्यावर मीम्स निघाले, आणि जून २०२५ मध्ये ती बंद झाली. घाबरलेल्या माणसाला नेमक्या त्या क्षणी सूत्र आठवत नाही. त्याला कुणीतरी अडवावं लागतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला स्टेट बँकेच्या एका शाखेत हे घडलं. एक ज्येष्ठ डॉक्टर मुदत ठेव मोडून १३ लाख रुपये तातडीनं पाठवायला आले. मालमत्ता घ्यायचीय म्हणाले, पण चेहऱ्यावरचा ताण कर्मचाऱ्यांना खटकला. त्यांनी काहीबाही कारणं सांगून व्यवहार लांबवला, घरच्यांना सोबत आणायला सांगितलं, आणि शेवटी हेल्पलाइनला फोन जोडून दिला. पैसे वाचले. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर लागलं नाही. खिडकीमागच्या माणसाला गिऱ्हाइकाकडे नीट बघायला वेळ होता, इतकंच. शाखा कमी होत चालल्यात आणि सगळं ॲपवर ढकललं जातंय, तेव्हा अशी नजर पुढे कुठून मिळणार, हा प्रश्न बँकांना विचारायला हवा.

सिंगापूरनं याच नजरेला कायद्याचं रूप दिलंय. १ जुलै २०२५ पासून तिथे नवा कायदा लागू आहे. एखादी व्यक्ती फसवली जातेय याची पोलिसांना खात्री पटली, पण ती व्यक्ती समजावूनही ऐकत नसेल, तर पोलीस तिच्याच खात्यातून पैसे जाणं थांबवू शकतात, एका वेळी ३० दिवसांपर्यंत. घरखर्चापुरते पैसे काढायची सोय ठेवून. स्वतःच्या पैशांवर असा लगाम कुणाला आवडणार? तिथेही यावर वाद झाला. आणि भारतात हा मार्ग जसाच्या तसा आणणं अवघड आहे. इथे आधीच कुठल्याशा फसवणुकीतले शे-पाचशे रुपये यूपीआयनं खात्यात आले म्हणून भाजीवाल्यांची, छोट्या दुकानदारांची अख्खी खाती गोठवल्याच्या तक्रारी आहेत. पोलिसांच्या हाती आणखी एक कुलूप देण्याआधी किल्ली कुणाकडे राहणार, हे ठरवावं लागेल.

भारतानं केलेल्या उपायांपैकी एक फार गाजावाजा न होता कामी आला. परदेशातून येणारा, पण स्क्रीनवर भारतीय नंबर दाखवणारा कॉल अडवणारी यंत्रणा दूरसंचार खात्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. पहिल्या २४ तासांतच असे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. त्यावर टोळ्यांनी व्हॉट्सॲप गाठलं, मग आयफोरसीनं नोव्हेंबर २०२४ पर्यंत डिजिटल अरेस्टशी जोडलेली ५९ हजारांवर व्हॉट्सॲप खाती बंद करवली. उंदीर-मांजराचा हा खेळ असाच चालणार.

आणि १९३० ही हेल्पलाइन. पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत इथे तक्रार झाली, तर रक्कम पुढच्या खात्यांमध्ये अडवता येते, म्हणूनच त्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. सरकारनं जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२१ पासून या यंत्रणेनं ५,४८९ कोटी रुपये वाचवले. मोठी रक्कम वाटते. पण एकट्या २०२४ मध्ये भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले. म्हणजे चार वर्षांत वाचवलेला पैसा हा एका वर्षातल्या नुकसानीच्या पाव भागाहूनही कमी भरतो. त्याचं एक मोठं कारण यंत्रणेत नाही, घरात आहे. लोक तक्रार करायला उशीर करतात, कारण लाज वाटते. ‘इतके शिकलेले, आणि तुम्ही फसलात?’ हा प्रश्न ऐकावा लागेल म्हणून बाबा दोन दिवस गप्प बसतात, आणि तोवर पैसे देशाबाहेर गेलेले असतात. फॅमिली ग्रुपवर ‘सावध राहा’चे फॉरवर्ड टाकण्यापेक्षा, फसल्यावर रागावणार नाही एवढं आईवडिलांना आधीच सांगून ठेवणं जास्त उपयोगी पडेल.

परतलेल्यांचं काय?

विमानातून उतरलेल्या तरुणांची सुरक्षा यंत्रणांनी चौकशी केली. ते करावंच लागतं, कारण सगळेच जबरदस्तीनं गेलेले नसतात. काही कमिशनसाठी राजीखुशीनं गेले, काहींनी पुढे मित्रांनाही ओढलं. पण जो मार खाऊन फोन करत होता, तो आरोपी की पीडित? मानवी तस्करीत सापडलेल्याला त्यानं बळजबरीनं केलेल्या गुन्ह्यासाठी शिक्षा होऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडलं जातं. इथे मात्र प्रत्येक प्रकरण त्या त्या पोलीस ठाण्यावर सोडलं गेलंय. परतणाऱ्याला अटकेची भीती वाटली तर तो तोंड उघडणार नाही. आणि अड्ड्यात काम कसं चालतं, स्क्रिप्ट कोण लिहितं, भारतातली भाड्याची खाती कोण पुरवतं, ही माहिती फक्त त्याच्याकडे आहे. म्यानमारकडून विनंतीपत्राचं उत्तर यायची वाट बघण्यापेक्षा ती लवकर मिळू शकते.

दलालांपर्यंत जायलाही दुसऱ्या कुठल्या देशाची परवानगी लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागानं म्यानमारमधल्या अड्ड्यांमधून ६० हून अधिक भारतीयांची सुटका झाल्याचं जाहीर केलं. त्याच कारवाईत पाच दलालांना अटक झाली होती.